तीन मिनिटं मार, एक मिनिट उतार : बडोद्यातल्या एका सुपरवायझरचं प्रकरण

सुधाकरराव माझ्याकडे आले ते मनगट दाखवायला. ताणाचं नावसुद्धा त्यांनी काढलं नव्हतं. (नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे काही तपशीलही.) वय ४९. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात उत्पादन विभागात सुपरवायझर. मांजलपूरला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. घरात बायको, बारावीतली मुलगी आणि आई. उजवं मनगट करंगळीच्या बाजूनं सुजलेलं, मूठ वळली की कळ. कशानं झालं विचारलं तर म्हणाले, "बॅगेनं." मी आधी ऑफिसची बॅगच समजलो.

ती पंचिंग बॅग होती. गॅलरीतला झोपाळा उतरवून त्याच्या कडीला भाच्यानं ती टांगून दिली होती. भाचा जिमला जाणारा, मामावर जीव असलेला. त्यानं कानमंत्रही दिला होता : "मामा, रोज रात्री दहा मिनिटं साहेबाला समोर उभं करायचं आणि बडवायचं. एकदम मोकळं वाटतं." मामांनी तो अक्षरशः पाळला. दीड महिन्यानंतर मनगट सुजलं होतं, झोप आणखी उडाली होती आणि कारखान्यात एक मेमो हातात पडला होता.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर माझी खोली आहे, आणि तिच्या मागच्या पडवीत एक बॅग, ठोसे झेलायच्या पॅडच्या दोन जोड्या आणि भिंतीला आरसा. पाठ-गुडघ्याच्या माणसांबरोबर ताणानं आखडलेली माणसंही येतात, त्यांतल्या काहींना मी बॉक्सिंगचा व्यायाम देतो. हे प्रकरण लिहून काढायचं कारण असं की भाच्यानं दिलेला सल्ला आज जो तो देतो. त्याच माणसाच्या बाबतीत बॅगेनं आधी नुकसान केलं आणि नंतर उपयोग झाला. मधे काय बदललं, एवढंच मला सांगायचं आहे.

आधीची कहाणी

आठेक महिन्यांपूर्वी कारखान्यात नवा प्लँट मॅनेजर आला. माल वेळेवर निघाला नाही की जाब सुपरवायझरला, आणि तोही कामगारांसमोर. रात्री दहानंतर व्हॉट्सॲप ग्रुपवर उद्याचे आकडे पडायचे, त्यात कुणाचं काय राहिलं ते नावानिशी. सुधाकररावांनी त्या कारखान्यात बावीस वर्षं काढलेली. "मशीनवर हात काळे करून वर आलोय, हे त्याला कुठून ठाऊक असणार," हे वाक्य पहिल्या भेटीत त्यांनी वेगवेगळ्या शब्दांत वारंवार ऐकवलं.

शरीराच्या तक्रारी ओळखीच्याच होत्या : पहाटे तीनला जाग आणि मग डोळा लागत नाही, सकाळी जबडा दुखतो, मान एका बाजूला वळत नाही, छातीत जळजळ. चहा दिवसाला सात-आठ कप. दारू नाही. गुजरातेत दारूबंदी आहे म्हणून नाही असं नव्हे, घर माळकरी आहे.

वहिनी दुसऱ्या भेटीला बरोबर आल्या. आधी गप्प बसल्या होत्या, मग म्हणाल्या, "हे घरी आले की मी चपलांचा आवाज ऐकते. हळू काढल्या तर चहा टाकते, फेकल्या तर मुलीला आत पाठवते." हात कधी उगारला नव्हता. तसं दोघांना वेगवेगळं विचारलं होतं. असं काही असतं तर प्रकरण माझ्या हातात ठेवलंच नसतं.

आता बॅगेचं. पहिले तीन-चार दिवस त्यांना खरंच बरं वाटलं. घाम निघाला, हात भरून आले, गाढ झोप लागली. मग क्रम ठरून गेला : सव्वादहाला ग्रुपवर मेसेज वाचायचा, उठायचं, गॅलरीत जायचं आणि हात दुखेपर्यंत मारायचं. पट्टी नाही, श्वासाचा हिशेब नाही, थांबायची वेळ नाही. ग्लोव्हज बॅगेबरोबर फुकट आलेले, आतला फोम आठवड्यात चेपलेला. खालच्या मजल्यावरच्या गुजराती बा एक दिवस वर आल्या आणि वहिनींना विचारू लागल्या, "रात्रे शुं कूटो छो?" (रात्री काय कुटता?)

त्या दहा मिनिटांत डोक्यात काय चालायचं, हे मी खोदून विचारलं. उत्तर इतकं नेमकं मिळालं की ते मी तसंच लिहून ठेवलं : "मारता मारता मला नवीन मुद्दे सुचायचे. हे बोलायला हवं होतं, ते बोलायला हवं होतं." म्हणजे बॅगेवर ते भांडणाची तालीम करत होते. रात्री अकराला नाडी वर, डोकं तापलेलं आणि उद्याचं भाषण तयार. एका सकाळी त्यांतलं अर्धं भाषण त्यांनी खरोखर केलं, मेमो त्यातून आला.

राग 'काढून टाकणं'

वाफ कोंडली की भांडं फुटतं, म्हणून वाफ सोडा : रागाबद्दल आपण सगळे असंच बोलतो. पण ही कल्पना तपासून पाहिली गेली आहे आणि ती तपासणीत टिकलेली नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांचा २००२ सालचा प्रयोग तर जणू सुधाकररावांसाठीच केलेला. ६०० विद्यार्थी. त्यांनी लिहिलेल्या निबंधावर जाणूनबुजून जहरी शेरे मारून त्यांना चिडवलं. मग काहींना पंचिंग बॅग दिली आणि सांगितलं, ज्यानं शेरे मारले त्याला डोळ्यासमोर आणून मारा. त्याचा म्हणून एक फोटोही दाखवला. दुसऱ्या गटाला सांगितलं, आपली तब्येत सुधारते आहे असा विचार करत मारा. तिसऱ्या गटानं नुसतं दोन मिनिटं शांत बसायचं. चेहरा समोर आणून मारणारे सगळ्यांत जास्त चिडलेले राहिले आणि संधी मिळताच समोरच्याला सगळ्यांत जास्त त्रास दिला तोही त्यांनीच. सगळ्यांत कमी त्रास दिला नुसतं बसलेल्यांनी.

पुढे २०२४ मध्ये सोफी कियार्विक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यांत दहा हजारांहून जास्त माणसं होती. शरीराची उत्तेजना खाली आणणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वसन, ध्यान, स्नायू सैल सोडणं यांनी, राग उतरतो. उत्तेजना चढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत उतरत नाही. नुसत्या धावण्यानं तर तो वाढलेला दिसला. मैदानी चेंडूचे खेळ मात्र अपवाद निघाले, त्यांनी राग कमी झाला.

मग बॉक्सिंग द्यायचंच कशाला? प्रश्न रास्त आहे आणि माझ्याच व्यवसायातले मित्र तो मला विचारतात. माझं उत्तर असं : बॉक्सिंगच्या व्यायामात मारणं हा अर्धाच भाग आहे. १८६७ च्या क्वीन्सबरी नियमांपासून या खेळात तीन मिनिटांचा राऊंड आणि मधे एक मिनिटाची विश्रांती आहे. मुष्टियोद्ध्यासाठी तो एक मिनिट दम घेण्याचा; ताणानं ग्रासलेल्या माणसासाठी तोच खरा धडा. नाडी चढवायची आणि ठरावीक वेळात जाणूनबुजून खाली आणायची, पुन्हा चढवायची, पुन्हा उतरवायची. सुधाकररावांना चढायला कुणी शिकवायची गरज नव्हती. उतरायची वाट त्यांच्या शरीराला सापडत नव्हती, आणि गॅलरीतल्या दहा मिनिटांत तिची सोय नव्हती.

तपासणी

मनगटाचा एक्स-रे आधी. ग्लोव्हज न घालता, चुकीच्या मुठीनं मारणाऱ्याचं करंगळीच्या मुळाशी असलेलं तळहाताचं हाड मोडतं, त्याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात; खरे बॉक्सर ते क्वचित मोडून घेतात, कारण त्यांचा ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर बसतो. इथं हाड शाबूत होतं, मनगटाचा सांधा ताणला गेला होता.

रक्तदाब १५२/९६, दोन वेगवेगळ्या दिवशी जवळपास तोच. बसल्या जागी नाडी ८८. ताणाच्या दहा प्रश्नांच्या प्रश्नावलीत ४० पैकी २८. शेल्डन कोहेन यांच्या या प्रश्नावलीत २७ आणि त्यावरचे गुण 'जास्त ताण' समजले जातात. हा आकडा रोगनिदान नाही. आधी-नंतरची तुलना करायला बरा. जीव नकोसा वाटतो का, हेही सरळ विचारलं. नाही म्हणाले. हो म्हणाले असते तर आधी मानसोपचार, मग बाकी सगळं. (कुणाला स्वतःसाठी हवा असेल तर सरकारी टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.)

त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हृदयाच्या तपासण्या ठीक आल्या, रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि त्यांच्याकडून चिठ्ठी आल्यावरच व्यायामाला हात घातला. या वयात, या रक्तदाबाला, श्वास कोंडून पूर्ण ताकदीनं मारणं हा खेळ नाही. श्वास रोखून जोर लावला की त्या क्षणी रक्तदाब झरकन वर जातो, आणि सुधाकरराव प्रत्येक ठोशाला श्वास रोखत होते. मी त्यांना हवेत दोन ठोसे मारून दाखवायला सांगितलं तेव्हा मान फुगली, दात आवळले, खांदे कानांना लागले. मारून झाल्यावरही खांदे तिथंच. त्यांना खाली घ्या म्हटलं तर म्हणाले, "खालीच आहेत की."

पहिले काही आठवडे : बॅग बंद

मनगट बरं होईपर्यंत बॅगेला हात लावायचा नाही, हे ठरलं. घरची बॅग उतरवून भाच्याकडे परत गेली, झोपाळा कडीवर चढला. रात्री साडेनऊनंतर ग्रुप बंद आणि संध्याकाळी सहानंतर चहा बंद. शेवटची अट त्यांना सगळ्यांत जड गेली.

वेळ ठरली पावणेसातची, आठवड्यातून तीन दिवस. मकरपुऱ्याहून येताना मांजलपूर आधी लागतं, म्हणजे घर ओलांडून शहरात यायचं आणि पुन्हा उलटं जायचं. दुसरी सोय नव्हती असं नाही, पण मी हा वळसा मुद्दाम राहू दिला. कारखाना आणि घर यांच्या मधे काहीतरी असावं असं मला वाटत होतं. शिवाय झोपायच्या तोंडावर दणकून व्यायाम केला तर झोप लांबते, त्यांच्या बाबतीत तर लांबलीच होती.

बॅग नाही, तरी हाताला पट्टी पहिल्या दिवसापासून बांधायला लावली. साडेचार मीटरची सुती पट्टी. अंगठ्यात फास अडकवायचा, मनगटाला तीन वेढे, तळहातावरून गाठींवर तीन वेढे, मग प्रत्येक बोटाच्या बेचक्यातून एकेक फेरा, आणि उरलेली पुन्हा मनगटावर. बोटं पसरून बांधायची, म्हणजे मूठ वळल्यावर ती घट्ट बसते. घाईत बांधली की बेचक्यात सुरकुती पडते आणि सगळी सोडून पुन्हा बांधावी लागते. पहिल्या आठवड्यात सुधाकररावांना दोन हातांना मिळून बराच वेळ लागायचा आणि ते वैतागायचे. मी मधे बोलायचो नाही. कारखान्यातून आलेल्या माणसाला शांत बस म्हटलं तर तो बसत नाही. पट्टी बांध म्हटलं तर त्याला बसावं लागतं.

मग आरशासमोर शॅडो, म्हणजे हवेतले ठोसे. डावा पाय पुढे, हनुवटी खाली, मुठी गालांपाशी. डावा सरळ हात जॅब, उजवा सरळ क्रॉस, एवढे दोनच. प्रत्येक ठोशाला दातांतून 'स्स' असा श्वास बाहेर, ऐकू आला पाहिजे. आवाज बंद झाला की श्वास कोंडला, राऊंड तिथंच थांबवायचा. सुरुवातीला राऊंड दोन मिनिटांचा आणि विश्रांती एका मिनिटाची.

त्या मिनिटात बसायचं नाही. उभं राहायचं, एक हात जबड्यावर ठेवून तो सुटलाय का पाहायचं, नाकानं श्वास आत आणि त्याच्या दुप्पट वेळ बाहेर. मी मनगटावर बोट ठेवून पहिल्या दहा सेकंदांतले आणि शेवटच्या दहा सेकंदांतले ठोके मोजायचो. पहिल्या आठवड्यात २४ चे २१ व्हायचे. म्हणजे मिनिटाला १४४ वरून १२६. हा आकडा मी त्यांना प्रत्येक वेळी सांगायचो. सुपरवायझर माणूस, आकड्यांशी त्याचं चांगलं जमतं. दुसऱ्या आठवड्यात तेच विचारायला लागले, "किती उतरले?" किती मारले, असं त्यांनी विचारलं नाही, याची मी मनात नोंद घेतली.

याच काळात एकदा विश्रांतीत म्हणाले, "माझे आजोबा माणिकरावांच्या आखाड्यात जायचे. लेझीम, लाठी, मलखांब. हे ठोसे मारणं काही आपल्याकडचं नाही." बडोद्यातल्या मराठी घरांत हा अभिमान असतोच आणि असायलाही हवा, राजरत्न माणिकरावांनी आपल्या गुरूंच्या नावानं चालवलेलं जुम्मादादा व्यायाम मंदिर म्हणजे या शहराचं व्यायामाचं माहेर, तिथं मोडलेली हाडं बसवून घ्यायलाही लोक जात. पण ठोसे आपल्याकडचे नाहीत हे खरं नाही. खंडेराव गायकवाडांच्या काळात, १८६० च्या दशकात, लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी बडोद्याला आला होता. मुठीत शिंगाची नखं धरून एकमेकांना रक्तबंबाळ करणारे मल्ल त्यानं इथल्या दरबारात पाहिले आणि लिहून ठेवले. तसल्याच वज्रमुष्टीची लढत म्हैसूरला दसऱ्यात अजून होते, पहिलं रक्त दिसलं की थांबवतात. हे ऐकून सुधाकरराव खूष झाले. पुढचा राऊंड जरा जास्तच जोरात मारला आणि 'स्स' विसरले, म्हणून मला तो थांबवावा लागला.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी वहिनींचा फोन आला. पहाटेची जाग रोज येत नाही, येते तेव्हा पुन्हा झोप लागते. अजून त्यांनी एकाही वस्तूवर ठोसा मारलेला नव्हता.

बॅग पुन्हा

मनगटाची कळ गेल्यावर ३५ किलोची बॅग आणि १४ औंसाचे ग्लोव्हज. नियम एकच नवा : बॅगेला चेहरा नाही. तिच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीच्या दोन फुल्या होत्या, एक हनुवटीच्या उंचीला आणि एक पोटाच्या. नजर फुलीवर. जोर एक-तृतीयांश. ठोसा पोचला की हात गालाशी परत. 'परत' हा शब्द मी इतका वापरतो की शेजारची मुलं मला तोच म्हणून चिडवतात.

फुलीवरची नजर फार वेळ टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून दर दिवशी निम्मे राऊंड पॅडवर. पॅड माझ्या हातात, आकडे मी सांगणार : एक म्हणजे जॅब, दोन क्रॉस, तीन डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूनं मारलेला ठोसा. "एक-दोन." "एक-एक-दोन." "दोन-तीन-दोन." आकडा येईपर्यंत थांबायचं, आला की तोच मारायचा. मन कारखान्यात गेलं की हात चुकतो, लपवता येत नाही. चालण्याच्या व्यायामात सुधाकररावांचं डोकं मोकळं राहायचं आणि मोकळ्या डोक्यात साहेब येऊन बसायचा. कामाठीबागेच्या फेऱ्या त्यांनी आधी करून पाहिल्या होत्या आणि त्यांतून ते आणखी तापून परत यायचे. पॅडवर साहेबाला जागा मिळत नव्हती. चेंडूच्या खेळांनी राग उतरतो याचं कारण माझ्या मते असंच काहीतरी असावं. तिथं लक्ष चेंडूकडे द्यावंच लागतं. हा माझा तर्क, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे.

दिवाळीच्या आधी माल पाठवायच्या गर्दीत एक दिवस ते अर्धा तास उशिरा आले. पट्टी न बांधताच ग्लोव्हज चढवले. काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांच्या कानशिलावरून दिसत होतं. बॅगेवर पहिला ठोसा असा बसला की साखळी वाजली. दुसरा, तिसरा, मग मोजायला काही उरलं नाही. श्वासाचा आवाज बंद. मी बॅग मागून धरली आणि राऊंड थांबला म्हणून सांगितलं.

"आज मारू द्या."

"पट्टी बांधा, मग हवेत तीन राऊंड. सावकाश, पाण्यात मारल्यासारखे."

"तुम्ही पण त्यांच्यासारखेच," असं म्हणून ग्लोव्हज बाकावर टाकून ते गेले. रागावलेल्या माणसाला त्याच्या रागाच्या वेळीच थांबवावं का, यावर मतभेद आहेत. माझे एक जुने शिक्षक म्हणायचे, मारू द्यावं, दमला की आपोआप बसतो. दमतो हे खरं. पण त्या दिवशी बॅगेवर कुणाचा तरी चेहरा होता, आणि तो तिथं एकदा बसू दिला असता तर गॅलरीतली सवय माझ्या पडवीत सुरू झाली असती.

तिसऱ्या दिवशी ते आले. बसले, पट्टी बांधली. सगळ्या कामगारांपुढे मॅनेजरनं 'बावीस वर्षांत एवढंच शिकलात का' असं म्हटलं होतं. उत्तर दिलं का, मी विचारलं. "नाही. जबडा आवळलेला कळला. मग श्वास सोडला. मग म्हटलं, दुपारी केबिनमध्ये बोलू." दुपारी केबिनमध्ये बोलणं झालं आणि त्यातून फारसं काही निघालं नाही. तरी मला या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रसंग हाच वाटतो, कारण विश्रांतीच्या मिनिटात करायची गोष्ट त्यांनी पहिल्यांदा पडवीच्या बाहेर केली होती.

स्पारिंग नाही

तिसऱ्या महिन्यात हात बसायला लागल्यावर त्यांना एकदा समोरासमोर खेळून पाहायचं होतं. भाचा तयारच होता. मी नाही म्हटलं आणि इथं वाद घातला नाही. डोक्याला वारंवार बसणाऱ्या ठोशांनी मेंदूवर काय परिणाम होतो, हे अमेरिकन डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ सालीच बॉक्सरांच्या बाबतीत नोंदवलं होतं, आणि तेव्हापासून पुरावा वाढतच गेला आहे. ताण घालवायला आलेल्या पन्नाशीच्या माणसाला डोक्यावर एकही ठोसा खायचं कारण नाही. बॉक्सिंगचे व्यायामातले फायदे कुणाचा ठोसा न खाता मिळतात. अमेरिकेत २००६ पासून पार्किन्सनच्या रुग्णांसाठी असे वर्ग चालतात, त्यांतही कुणी कुणाला मारत नाही.

काय बदललं आणि कशामुळे

साडेतीन महिन्यांनी ताणाची प्रश्नावली पुन्हा भरून घेतली : २८ चे १९. रक्तदाब १३२/८४. बसल्या जागी नाडी ७८. विश्रांतीच्या मिनिटात आता २४ चे १७ होतात, म्हणजे १४४ वरून १०२. राऊंड पूर्ण तीन मिनिटांचे, सहा. मान दोन्हीकडे वळते. जबडा अजून अधूनमधून दुखतो.

यातलं किती श्रेय बॉक्सिंगचं? रक्तदाब उतरण्यात गोळीचा वाटा मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. झोपेला संध्याकाळचा चहा बंद झाल्याचा आणि रात्रीचा ग्रुप मिटल्याचा फायदा नक्की झाला असणार. रात्रीची बडवाबडवी थांबली, हीच एक मोठी सुधारणा. शिवाय आठवड्यातून तीन दिवस कुणीतरी तासभर आपल्याकडे लक्ष देतं, याचंही औषध होतं. बॅगेच्या खात्यावर मी निःशंकपणे मांडतो ती एकच गोष्ट : एका मिनिटात उतरणारे ठोके. गोळीनं नाडीचा वेग थोडाफार हलला असेल म्हणून मी डॉक्टरांना विचारलं. दिलेली गोळी नाडी मंद करणाऱ्या जातीची नाही, असं त्यांनी सांगितलं. तंदुरुस्ती वाढली की ठोके लवकर उतरतात हे खरंच आहे. पण पहिल्या तीन आठवड्यांत तंदुरुस्ती कितीशी वाढणार? आणि तेव्हाच मिनिटाच्या शेवटचे ठोके २१ वरून १९ वर आले होते. तिथं लांब सोडलेला श्वास आणि सुटलेला जबडा यांचं काम दिसतं.

हाच व्यायाम मी सगळ्यांना देत नाही. डोळ्याच्या पडद्याचा त्रास, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, आटोक्यात नसलेला रक्तदाब, निखळणारा खांदा : यांना नाही. घरात मार खाल्लेल्या काही बायकांना ठोशाचा नुसता आवाज सोसत नाही, त्यांनाही नाही, निदान आधी समुपदेशकाशी बोलल्याशिवाय नाही. आणि ज्याला फक्त कुणाला तरी बडवायचं आहे, त्याला मी आधी महिनाभर पट्टी आणि शॅडो देतो. बरेचजण तेवढ्यातच येणं बंद करतात. माझं उत्पन्न त्यानं बुडतं खरं.

सध्या

सुधाकरराव आठवड्यातून दोनदा येतात, एक दिवस घरीच शॅडो करतात. खालच्या बांना त्याचा आवाज जात नाही. मॅनेजर तोच आहे आणि ग्रुपही चालू आहे, पण साडेनऊनंतरचे मेसेज ते सकाळी वाचतात; त्यावरून एकदा विचारणा झाली, पुढे काही घडलं नाही. मुलीला बारावीच्या परीक्षेआधी 'पट्टी आणि एक-दोन' शिकायचंय, ती शनिवारी येते. डावा खांदा हुक मारताना मागच्या बाजूनं ओढ घेतो, म्हणून तीनचा आकडा तूर्त बंद आणि रबरी पट्ट्यांचे व्यायाम सुरू आहेत. रक्तदाबाची गोळी कमी करता येईल का, हे डॉक्टर पुढच्या महिन्यातल्या नोंदी पाहून ठरवणार आहेत.